मुलांच्या हाती भुताचं पुस्तक देताना

आठ वर्षांचं मूल वाचनालयाच्या टेबलापाशी येऊन विचारतं, "भुताचं पुस्तक आहे का?" मग एक तर "असलं वाचायचं नाही, रात्री झोप येणार नाही" असं ऐकू येतं, नाही तर कपाटातलं हाताला लागेल ते रहस्य-भय मालिकेतलं पुस्तक त्याच्या हातात पडतं. पहिल्यात मुलाची मागणीच नाकारली जाते. दुसऱ्यात अनेकदा मोठ्यांसाठी लिहिलेली, अंगावर येणारी कथा दहा वर्षांच्या आतल्या मुलाकडे जाते. हा लेख या दोन्हींच्या मधल्या वाटेबद्दल आहे: मूल ओळखायचं कसं, पुस्तक पारखायचं कसं, मोठ्यानं वाचायचं कसं आणि रात्री बिनसलं तर काय करायचं. पालक, आजी-आजोबा, शाळेतले ग्रंथपाल आणि सोसायटीत वाचनकट्टा चालवणारे, सगळ्यांना तो वापरता येईल.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. भीतीची गोष्ट मागणाऱ्या मुलाला घाबरायचं असतं आणि घाबरून परतही यायचं असतं. म्हणून पुस्तक पारखताना त्यात भूत किती भयंकर आहे हे नंतर बघावं. मुलाला परत आणणारी वाट त्यात आहे का, हे आधी बघावं. या लेखात तिला 'परतीची वाट' म्हटलं आहे.

आधी मूल, मग पुस्तक

"तुला भीती वाटते का?" असं विचारू नका. सात वर्षांच्या पुढचं बहुतेक प्रत्येक मूल "नाही" म्हणतं, विशेषतः भावंडं किंवा मित्र समोर असतील तर. त्याऐवजी असं विचारा: "तुझ्या वर्गातल्या मुलांना कशाची भीती वाटते?" "कुठला सिनेमा बघताना तू डोळ्यांवर हात घेतले होतेस?" "एखादं पान तू पटकन उलटतोस का?" दुसऱ्याचं सांगता सांगता मूल स्वतःचंच सांगून जातं. शिवाय दोन-तीन दिवस नुसतं लक्ष ठेवा. रात्री बाथरूमला एकटं जातं का? टीव्हीवर काही भीतिदायक आलं की खोलीबाहेर जातं, की दाराआड उभं राहून बघतं? दाराआडून बघणारं मूल तयार झालेलं असतं. निघून जाणाऱ्याला अजून वेळ द्यायचा.

साधारण चार तऱ्हांची भीती पुस्तकांत भेटते. पहिली रूपाची: दात, नखं, लाल डोळे, मुखवटा. दुसरी एकटं पडण्याची: आई-बाबा हरवणं, घराची वाट न सापडणं. तिसरी इजेची आणि मरणाची. चौथी सगळ्यांत खोल जाते: ओळखीचं माणूस अनोळखी होणं. आईसारखीच दिसणारी, पण आई नसलेली बाई. शेजारची साधी काकू, जी खरं तर चेटकीण आहे. एखादं मूल राक्षसाचं चित्र बघून खदखदून हसतं आणि बाजारात हरवलेल्या ससुल्याच्या गोष्टीनं रडवेलं होतं. ते भित्रं नाही. त्याची भीती दुसऱ्या तऱ्हेची आहे, एवढंच.

घरात नुकताच मृत्यू झाला असेल, मूल किंवा आई-वडिलांपैकी कुणी इस्पितळात राहून आलं असेल, घर बदललं असेल, तर त्या विषयाला लागून जाणारी पुस्तकं निदान सहा महिने बाजूला ठेवा. आजोबा जाऊन महिना झालाय आणि गोष्टीत आजोबांचं भूत खिडकीत उभं राहतं, हे पुस्तक कितीही चांगलं असलं तरी आत्ता नको. मुलानं स्वतःहून तेच मागितलं तर मात्र नाही म्हणू नका, शेजारी बसून वाचा.

वयानुसार काय बदलतं

तीन ते पाच वर्षांची मुलं दिसण्याला घाबरतात. राक्षस मनानं चांगला आहे हे तुम्ही दहा वेळा सांगितलंत तरी चित्रातले सुळे त्यांना पुरतात. खरं आणि गोष्टीतलं यांच्यातली रेघ या वयात पुसट असते, त्यामुळे "अरे, हे खोटं आहे" या वाक्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यांना पुन्हा पुन्हा येणारी ओळ लागते, ठरलेला शेवट लागतो आणि मोठ्या माणसाची मांडी लागते.

सहा ते आठ हे भुतांचं खरं वय. "हे खोटं आहे" हे कळू लागलेलं असतं, तरी "पण असेल तर?" हा प्रश्न जिवंत असतो. या वयात भुताला नियम हवेत: ते कुठे राहतं, कधी येतं, कशानं पळतं. नियम कळला की मुलाला हाती काहीतरी असल्यासारखं वाटतं. नऊ ते अकराच्या मुलांना चोर, अपघात, मरण अशी खरोखर घडू शकणारी संकटं जास्त घाबरवतात, आणि चौथ्या तऱ्हेची भीती आता त्यांना झेपू लागते. बारानंतर वय पाहण्यापेक्षा आधी काय वाचून झालंय ते पाहावं.

वयाचे हे आकडे एक-दोन वर्षांनी इकडेतिकडे सरकतात. पुस्तकावर छापलेला वयोगट तर अनेकदा वाचनाच्या अवघडपणाचा असतो, भीतीचा नसतो. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेनं २०१५मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत वाचता येतात आणि त्यांना पातळ्या दिलेल्या असतात. त्या पातळ्या शब्द आणि वाक्यं किती सोपी आहेत हे सांगतात. सोप्या पातळीवरच्या गोष्टीतलं चित्र चार वर्षांच्या मुलाला झोपू देणार नाही, असंही होऊ शकतं.

वीस मिनिटांची पारख

पुस्तक मुलाला देण्याआधी ते अख्खं वाचणं उत्तम. पण दुकानात किंवा प्रदर्शनात तेवढा वेळ नसतो. तेव्हा या क्रमानं बघा.

शेवटची दहा पानं आधी वाचा. शेवट फोडून ठेवण्याचं पाप इथे तुमचं काम आहे. मूल, म्हणजे गोष्टीतला नायक किंवा नायिका, घरी किंवा सुरक्षित ठिकाणी पोचतं का? पोचतं ते स्वतःच्या युक्तीनं, की मोठ्यांनी येऊन सोडवल्यामुळे? स्वतःच्या युक्तीनं सुटणारी गोष्ट भीती जास्त चांगली उतरवते. शेवटच्या ओळीत "पण त्या रात्री पुन्हा दार वाजलं..." असा झटका असेल, तर ते पुस्तक दहाच्या आतल्या मुलासाठी झोपायच्या वेळेचं नाही.

मॉरिस सेंडॅकचं १९६३चं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' परतीच्या वाटेचा उत्तम नमुना आहे. रागावलेला मॅक्स अक्राळविक्राळ प्राण्यांच्या बेटावर जातो. चित्रं पानागणिक मोठी होत जातात, मधल्या तीन जोडपानांवर तर शब्दच नाहीत. मग ती पुन्हा आक्रसतात आणि मॅक्स खोलीत परततो तेव्हा त्याचं जेवण अजून गरम असतं. गेलास, राज्य केलंस, परत आलास, आणि कुणीतरी तुझ्यासाठी ताट वाढून ठेवलंय.

मग पहिली पाच पानं. काही पुस्तकं सुरुवातीलाच घाव घालतात. नील गेमन यांचं 'द ग्रेव्हयार्ड बुक' (२००८) हे पुढे अतिशय मायाळू होत जाणारं पुस्तक आहे. त्यात कबरस्तानातली भुतं एका अनाथ मुलाला वाढवतात. पण पहिल्याच पानांत त्या मुलाच्या कुटुंबाचा खून झालेला असतो. दहा वर्षांच्या मुलाला हे पुस्तक द्यायचं तर पहिलं प्रकरण तुम्ही शेजारी बसून वाचा, पुढचं ते एकटं वाचेल.

तिसरी गोष्ट चित्रं. शब्दांतलं भूत मूल आपल्या झेपेल इतकंच मोठं करतं, चित्रातलं भूत मात्र चित्रकारानं ठरवलेल्या आकाराचं असतं. अमेरिकेतला 'स्केरी स्टोरीज टू टेल इन द डार्क' हा आल्विन श्वार्ट्झ यांचा लोककथासंग्रह १९८१चा. त्यातल्या कथा अगदी छोट्या, शेकोटीभोवती सांगाव्यात अशा. पण स्टीफन गॅमेल यांची ओघळलेली, धुरकट चित्रं अशी होती की १९९०च्या दशकात तिथल्या ग्रंथालयांतून ज्या पुस्तकांबद्दल सर्वांत जास्त तक्रारी आल्या, त्यांत ही मालिका पहिली होती. पुढे एका आवृत्तीत चित्रकार बदलला, वाचक हळहळले आणि मूळ चित्रं परत आणावी लागली. म्हणून पानं भराभर चाळा आणि ज्या चित्रावर तुमचा स्वतःचा हात थांबेल तिथे खूण करा. मुलाचाही हात तिथेच थांबणार आहे.

चौथी गोष्ट प्रकरणांचे शेवट, आणि इथे बहुतेक पालक फसतात. आर. एल. स्टाइन यांच्या 'गूजबम्प्स' मालिकेत (मूळ मालिका १९९२ ते १९९७, ६२ पुस्तकं) जवळजवळ प्रत्येक प्रकरण धक्क्यावर संपतं: दाराची मूठ फिरते, हात खांद्यावर पडतो, प्रकरण समाप्त. पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या दोन-चार ओळींत कळतं की तो धाकटा भाऊ होता. "एक प्रकरण वाचू आणि झोपू" असं ठरवलंत तर मूल रोज नेमकं सर्वांत भीतिदायक जागी थांबतं. उपाय सोपा आहे: प्रकरणाच्या शेवटी थांबायचंच नाही. पुढच्या प्रकरणाचं दीड-दोन पान वाचायचं, धक्का उतरला की मध्येच खूण घालायची. मालिका तीच, मूल तेच, आणि झोप लागते.

पहिली गोष्ट भोपळ्याची

भीतिकथा म्हटलं की लोक विदेशी पुस्तकांकडे धावतात. पण मराठी घरातली पहिली भीतिकथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो आणि म्हणतो, तुला खातो. नीट पाहिलं तर गोष्ट चांगलीच भयंकर आहे: एकटी बाई, जंगल आणि परतीच्या वाटेवर खात्रीनं वाट बघणारा वाघ. तरी तीन वर्षांचं मूल ती रोज मागतं. कारण "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन" ही थाप त्याला आधीपासून ठाऊक असते, आणि "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" म्हणण्याची पाळी त्याची स्वतःची असते. लहान मुलांसाठी चित्रपुस्तक निवडताना याच कसोट्या लावा: मुलानं म्हणायची ओळ आहे का, युक्ती दुबळ्याच्या बाजूनं आहे का, आणि वाघाचं चित्र पानभर पसरलेलं तर नाही ना.

पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी चेटकीण आणि राक्षस हवेत, पण थोडे हास्यास्पद. रत्नाकर मतकरी यांची 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' ही बालनाट्यं इथे फार कामाची आहेत. 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण रंगमंचावर पहिल्यांदा दिलीप प्रभावळकर यांनी केली. भय आणि हसू एकाच देहात बसवलेलं ते पात्र आहे. नाटकाची संहिता मिळाली तर मुलांना भूमिका वाटून वाचा आणि सर्वांत भित्र्या मुलाला चेटकीण करा. जे तोंडातून बोलायचं ते बाहेरून फार काळ घाबरवू शकत नाही.

वेताळ कसा वाचावा

आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी मराठीत 'वेताळपंचविशी'पेक्षा चांगली बांधणी सापडणं कठीण. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं 'कथासरित्सागर'मध्ये या कथा घेतल्या. आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांना त्या 'चांदोबा' मासिकातून भेटल्या: हातात तलवार, खांद्यावर प्रेत, असा स्मशानातून चाललेला राजा. ते चित्र शंकर या चित्रकाराचं. चौकट भयाची आहे, पण आतल्या कथा बुद्धीच्या आहेत, आणि प्रत्येक कथा प्रश्नावर थांबते. वेताळ राजाला म्हणतो, उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोकं फुटेल, बोललास तर मी परत झाडावर. मुलाला भीतीतून बाहेर काढण्यासाठी विचार करायला लावणं हा जुन्यातला जुना उपाय या रचनेतच बसवलेला आहे.

वाचायची पद्धत अशी. पंचवीसच्या पंचवीस वाचू नका, सहा-सात निवडा. एका बैठकीत एकच कथा. वेताळानं प्रश्न विचारला की पुस्तक मिटा आणि तीन-चार मिनिटं मुलांना भांडू द्या: खरा दोषी कोण, खरा शूर कोण. मग राजाचं उत्तर वाचा. ते मुलांच्या उत्तरापेक्षा वेगळं असेल तर फार छान, राजाचंच बरोबर असं म्हणू नका. शेवटी वेताळ झाडाकडे उडून जातो ती ओळ सगळ्यांनी मिळून म्हणायची. तिसऱ्या बैठकीपर्यंत मुलं ती ओळ तुमच्याआधी म्हणतात.

निवड करताना सावध राहा, कारण मूळ कथा मोठ्यांसाठी आहेत. त्यांत प्रेमप्रकरणं आहेत, फसवणूक आहे, आत्मबळी आहे. देवीच्या देवळात दोन पुरुष स्वतःची मस्तकं उतरवतात आणि बाई ती जोडताना अदलाबदल करते, ती कथा विचाराला फार सुंदर आहे. पण ती दहा-अकराच्या पुढे. बालआवृत्ती घेतलीत तर ही कथा तिच्यात कशी लिहिली आहे ते उघडून बघा, त्यावरून संपादकानं किती काळजी घेतली ते लगेच कळतं. आणि चौकटीचा शेवट गाळू नका. राजाला प्रेत आणायला पाठवणाऱ्या कपटी योग्यापासून वेताळच त्याला सावध करतो आणि त्याचा जीव वाचवतो. ज्याला आठवडाभर घाबरलो तो मित्र निघाला, यासाठी मुलं थांबलेली असतात.

कोकणात आणि गोव्यात एक भान ठेवावं लागतं. तिथे वेताळ, बेताळ हा अनेक गावांचा देव आहे, त्याची देवळं आहेत, जत्रा होतात. सिंधुदुर्गातल्या किंवा गोव्यातल्या मुलाला "वेताळ म्हणजे प्रेतात शिरलेलं भूत" असं सांगितलंत तर ते गोंधळेल, किंवा दुखावेल. आधी त्यालाच विचारा, तुमच्या गावचा वेताळ कसा आहे? बहुधा पुस्तकापेक्षा चांगली गोष्ट ऐकायला मिळेल. देवचाराचंही तसंच. तो तिकडे वाट चुकलेल्याला घरी पोचवणारा राखणदारही असतो.

आपली भुतं निवडताना

पिंपळावरचा मुंजा, उलट्या पावलांची हडळ, रानात गोल गोल फिरवणारा चकवा, समंध, खवीस, जखीण: एवढी नावं आपल्या भाषेत आहेत, आणि मुलांना ती हवी असतात. पण सगळी सारखी नाहीत.

सात-आठ वर्षांच्या मुलासाठी चकवा सर्वांत चांगला. त्याला देह नाही, रक्त नाही, आणि त्याचे नियम ठरलेले: माणूस वाट चुकतो, पुन्हा त्याच झाडापाशी येतो, मग धावत सुटायचं नाही, जागच्या जागी बसून उजाडायची वाट बघायची. खरोखर वाट चुकलेल्या मुलानं काय करावं तेही हेच.

मुंज्याची गोष्ट करुण आहे. मुंज झालेला आणि लग्नाआधी गेलेला मुलगा तो. ऐकणाऱ्या मुलाच्या वयाचाच. त्यामुळे "लहान मुलंसुद्धा मरतात का?" हा प्रश्न येणार. उत्तर तयार नसेल तर ही गोष्ट घेऊ नका. हडळ आणि जखीण यांच्याबाबत अजून विचार लागतो. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते, ही समजूत या कथांच्या मुळाशी आहे. म्हणजे जिच्यावर अन्याय झाला तीच भयंकर ठरते. दहा-बारा वर्षांच्या मुलींना हे बरोबर टोचतं. टोचलं तर टाळू नका, त्यावर बोला. खवीस आणि ब्रह्मसमंध यांच्या जुन्या वर्णनांना जात-धर्म चिकटलेले असतात. पुस्तकात तसं वर्णन असेल तर ते पान न वाचता पुढे जाण्यापेक्षा ते पुस्तकच घेऊ नये.

ज्या घरात किंवा वस्तीत अंगात येणं, बाहेरची बाधा, उतारा हे रोजच्या बोलण्यात आहे, तिथल्या मुलासाठी भुताची गोष्ट ही गोष्ट राहत नाही, बातमी होते. महाराष्ट्रात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि भुताच्या नावानं माणसाला मारहाण करणं हा गुन्हा आहे, हे मोठ्या मुलांना स्पष्ट शब्दांत सांगता येतं. लहानांसाठी एवढं पुरेसं: "ही गोष्ट कुणीतरी रचली आहे. रचणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर आहे, वाच." नाव बोट ठेवून वाचायला लावा. गोष्टीला कर्ता असतो, हे कळणं धीर देतं.

आणि बागुलबुवा. "जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल" असं म्हणणाऱ्या घरात भीतीची पुस्तकं देऊ नका. आधी ते वाक्य बंद करा, निदान महिनाभर. पुस्तकातली भीती मूल स्वतः उघडतं आणि स्वतः मिटतं. धमकीतली भीती मोठ्या माणसाच्या हातात असते. एकाच घरात दोन्ही असली की मूल पुस्तकालाही धमकी समजतं.

दहानंतर

इंग्रजी वाचणाऱ्या दहा-अकराच्या मुलाला गेमन यांचं 'कोरालाइन' (२००२) द्यायला हरकत नाही. डोळ्यांच्या जागी बटणं असलेली 'दुसरी आई' ही चौथ्या तऱ्हेची भीती आहे, पण नायिका डोकं चालवून सुटते. मोठी माणसं या पुस्तकानं अनेकदा मुलांपेक्षा जास्त घाबरतात, म्हणून तुमच्या भीतीवरून निर्णय घेऊ नका. रस्किन बाँड यांच्या भुतकथा मऊ असतात, पण 'अ फेस इन द डार्क' अपवाद. सिमल्याजवळच्या पाइनच्या रानात शिक्षकाला चेहरा नसलेला मुलगा दिसतो. तो पळत चौकीदाराच्या कंदिलापाशी येतो, तर चौकीदारालाही चेहरा नाही, आणि कंदील विझतो. दोन-तीन पानांची कथा, परतीची वाट शून्य. बारा वर्षांच्या मुलांच्या गटात दुपारी वाचायला उत्कृष्ट, झोपायच्या आधी एकट्यानं वाचायला नाही.

नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्याकडे मराठी मुलं बारा-तेराच्या सुमाराला आपोआप वळतात, बहुतेक वेळा घरातल्या जुन्या दिवाळी अंकांतून. अडवू नका, सुरुवात मात्र सुचवा. धारपांच्या 'समर्थ' कथा आधी. त्यांत अघोरी शक्तीसमोर उभं राहणारा माणूस असतो, म्हणजे परतीची वाट रचनेतच आहे. त्यांच्या स्वतंत्र कादंबऱ्या नंतर. मतकरींच्या गूढकथा आणखी पुढे, चौदाच्या आसपास. त्यांतलं भय माणसाच्या मनातून येतं आणि शेवट अनेकदा कुणालाही सोडवत नाही. बालनाट्य लिहिणारे मतकरी ते हेच, म्हणून संग्रह लहानांच्या कपाटात ठेवण्याची चूक वाचनालयांत होते. कथासंग्रह अख्खा देण्यापेक्षा अनुक्रमणिकेत दोन-तीन कथांवर खूण करून द्या.

मोठ्यानं वाचताना

वेळ संध्याकाळची, दिवेलागणीनंतरची, आणि झोपेच्या निदान दीड तास आधीची. मध्ये जेवण, दात घासणं, एखादी हसरी कविता येऊ द्या. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी दहा मिनिटं, आठ-नऊसाठी वीस. गटात वाचत असाल तर आठ ते बारा मुलं, अर्धवर्तुळात, तुमच्याकडे पाठ कुणाचीही नाही. दार उघडं ठेवा आणि दिवे पूर्ण बंद करू नका, कोपऱ्यातला एक पुरेसा. अंधार करून मुलांना कोंडल्यासारखं बसवलं की ती गोष्ट ऐकत नाहीत, एकमेकांना चिमटे काढतात.

सुरुवातीलाच खूण ठरवा: कुणीही हात वर केला की वाचन थांबेल, कारण विचारलं जाणार नाही, कुणी हसणार नाही. बहुतेक बैठकांत ती खूण कुणी वापरत नाही. ती आहे हे पुरतं.

भीतिदायक जागी आवाज वाढवू नका, उतरवा. मुलं पुढे सरकतात. दार उघडण्याच्या आधी दोन-तीन सेकंद थांबा, त्याहून जास्त थांबलात तर कुणीतरी खिदळतं आणि ताण तुटतो. "भॉक!" करून दचकवणं सहा वर्षांच्या आत अजिबात नको. दचकणं हा शरीराचा झटका आहे, त्याचा गोष्टीशी संबंध नसतो, आणि तो बसलेलं मूल पुढच्या बैठकीला येत नाही. मुलांचे चेहरे बघत वाचा: नखं खाणं, शेजाऱ्याला चिकटणं ठीक. एकदम गप्प होऊन नजर खाली गेली तर थांबा आणि साधा प्रश्न विचारा: "आता यानं काय करावं?"

गोष्ट संपल्यावर पाच मिनिटं तरी बसा. भुताचं चित्र काढायला सांगा आणि मग त्याला छत्री द्या, मोजे घाला, त्याच्या आईनं त्याला रागवलंय असं लिहा.

रात्री बिनसलं तर

मूल उठून आलं तर "मी सांगितलं होतं ना" म्हणू नका. पुस्तक त्याच्या खोलीतून बाहेर नेऊन बैठकीच्या खोलीत ठेवा, त्याच्या देखत. लपवू नका. लपवलेलं पुस्तक मनात मोठं होत जातं. दुसऱ्या दिवशी उन्हात, चहाच्या वेळी तेच पान दोघांनी मिळून बघा. कुठल्या ओळीनं घाबरवलं ते मुलाला शोधू द्या. बहुधा ती एकच ओळ किंवा एकच चित्र असतं. चित्र असेल तर त्या पानावर कागद लावून टाका आणि काढायचा कधी हे त्यालाच ठरवू द्या. मग दोन आठवडे वेगळ्या विषयाची पुस्तकं.

"खरंच भूत असतं का?" याला गुळमुळीत उत्तर देऊ नका. "नाही. पण गोष्टीत असतं, आणि गोष्ट वाचताना भीती खरी वाटते" एवढं सरळ सांगा. "तू चांगला वागलास तर येत नाही" हे वाक्य कधीच नको.

दुःस्वप्न आणि झोपेतली दचक यांतला फरक माहीत असावा. दुःस्वप्न बहुतेक उत्तररात्री पडतं. मूल पूर्ण जागं होतं, स्वप्न आठवतं, त्याला जवळ घ्यावं. झोपेतली दचक झोप लागल्यावर पहिल्या काही तासांत येते: मूल किंचाळतं, डोळे उघडे असतात, पण तुम्हाला ओळखत नाही आणि सकाळी काही आठवत नाही. तेव्हा उठवायला जाऊ नका, पडणार नाही एवढं बघा, काही मिनिटांत ते शांत होतं. तिचा दोष कालच्या पुस्तकाला देण्याची घाई नको, जागरण आणि ताप ही नेहमीची कारणं आहेत. भीतीनं शाळा, जेवण किंवा एकट्यानं झोपणं महिनाभर बिघडलेलं राहिलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

कपाट लावताना

शाळेच्या किंवा सोसायटीच्या वाचनालयात सुरुवातीला वीस पुस्तकं पुरतात: चार चित्रपुस्तकं, पाच लोककथा आणि वेताळाच्या बालआवृत्त्या, दोन नाट्यसंहिता, सहा लहान कादंबऱ्या, तीन मोठ्या मुलांसाठीची. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यांतल्या गूढ गोष्टी छापून, टाचून एक फाइल करता येते.

पुस्तकांच्या कण्यावर रंगीत ठिपके लावा. हिरवा म्हणजे परतीची वाट स्पष्ट, पिवळा म्हणजे मध्ये एखादं पान जड, लाल म्हणजे शेवट सोडवत नाही. ठिपका वयाचा नाही, हे फळ्यावर लिहा, नाही तर चौथीतली मुलं हिरव्याला बाळांचा रंग म्हणतात आणि कुणी हात लावत नाही. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कार्ड चिकटवा, त्यावर वाचलेल्या मुलानं दोनच गोष्टी लिहायच्या: कुठलं पान सर्वांत भीतीचं, आणि ते दिवसा वाचावं की रात्री. दहा-बारा नोंदी झाल्या की ठिपक्याचा रंग मुलांच्या नोंदींप्रमाणे बदला. मोठ्यांनी पिवळं ठरवलेलं पुस्तक मुलांनी हिरवं केलेलं दिसेल, आणि ज्या साध्या वाटलेल्या गोष्टीला तुम्ही हिरवा ठिपका दिला होता तिच्या कार्डावर चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत एकाच पानाचा आकडा असेल. ते पान पुढच्या बैठकीच्या आधी पुन्हा वाचून ठेवा.